बसायची जागा

इंग्लंडमधल्या डडली या गावाच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या पबात गेलात तर टेबल धरून वेटरची वाट बघत बसू नका. कोणी येत नाही. आपण उठून काउंटरपाशी जायचं. तिथे रांग नसते. पाच-सात जण काउंटरला रेलून उभे असतात, कोणी मॅचबद्दल बोलत असतं, कोणी गुडघेदुखीबद्दल, आणि तरीही पलीकडच्या बाईला कोण कोणाच्या आधी आलं हे बरोबर ठाऊक असतं. तिची नजर तुमच्याकडे वळली आणि तुमच्या आधीचं कोणी राहिलं असेल, तर तुम्हीच शेजारच्याकडे हात करून "यांचं आधी" म्हणायचं. नव्या माणसाकडून त्या खोलीची एवढीच अपेक्षा असते.

लग्नानंतर, नव्वदचं दशक संपता संपता, मी साताऱ्याहून इथे आले. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. वेस्ट मिडलंड्सच्या या पट्ट्याला ब्लॅक कंट्री म्हणतात. कोळसा, लोखंड, खिळे आणि साखळदंड यांचा हा मुलूख. टायटॅनिक जहाजाचा मोठा नांगर जवळच्याच नेदर्टनमध्ये घडला, आणि १९११ मध्ये तो डडलीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत ओढत न्यायला वीस घोडे जुंपले होते, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. दिवसभर भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसांची बिअर म्हणजे माइल्ड. काळसर, किंचित गोड, फार न चढणारी. तीन-चार ग्लास रिचवूनही माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर हजर व्हायचा.

इथले पब घरासारखे का दिसतात, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. त्यातले कितीतरी खरोखरच घरं होते. १८३० मध्ये सरकारने एक कायदा केला. घरपट्टी भरणाऱ्या कोणालाही दोन गिनी भरून बिअर विकायचा परवाना मिळू लागला. जिनचं व्यसन कमी व्हावं, हा त्यामागचा एक हेतू. लोकांनी घराच्या पुढच्या खोलीत बाकं मांडली, मागच्या अंगणात बिअर गाळली, आणि माजघराच्या दारात उभं राहून ती वाढली. आमच्या कोपऱ्यावरच्या पबाचा आकार अजून तोच आहे. पुढे दोन खोल्या, मध्ये काउंटर, वर मालकिणीचं बिऱ्हाड, खाली तळघर. शेकोटीपुढे कुत्रा झोपलेला असतो आणि तो कुणाचा हे नव्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही.

मी ज्या घरातून आले तिथे दारूचं दुकान दिसलं की बायका पदर सावरून रस्त्याच्या पलीकडून जात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालाच परवाना घ्यायला लावला आणि बारच्या पाटीवर 'परमिट रूम' आलं. काळ्या काचा, दाराला पडदा, आत कोण बसलंय ते बाहेर दिसू नये अशी सगळी तजवीज. इथे रविवारी दुपारी लख्ख उजेडात आजी, नातू, गरोदर सून, सगळे एका टेबलाशी बसून भाजलेलं मटण आणि बटाटे खात होते. माझ्या हातात जिंजर बिअर होती, जिच्यात नावापुरतीच बिअर असते. मी काय पिते याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या खेपेला मालकिणीने न विचारता तीच बाटली उघडून ठेवली आणि म्हणाली, "आऊ बिन या, बॅब?" कशी आहेस, असा त्याचा अर्थ, आणि त्यावर "बे टू बॅड" म्हणायचं असतं. वाईट नाही म्हणजे उत्तम चाललंय, असा इथला हिशेब.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तो उन्हाळा मला लख्ख आठवतो. कराडला प्राथमिक शाळेत सारी नोकरी केलेल्या बाई. इरकल साडी, वर मुलाचा जाड स्वेटर, पायात मोजे आणि चपला. संध्याकाळी फिरून येताना पाय दुखले म्हणून टेकल्या त्या पबाच्या बाहेरच्या बाकावर. मालकिणीने खिडकीतून पाहिलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "तुझी आई साखर घेते का?" पाच मिनिटांनी चहा आला. किटलीत, बशीसकट. पैसे तिने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, त्या बाईंकडे टेकू या का जरा?"

बाहेर पाऊस लागला तसं आत बसणं आलं. खिडकीजवळच्या टेबलावर चार म्हातारे रोज डॉमिनो खेळत. त्यातले दोघं फाउंड्रीतून निवृत्त झालेले, एक बसड्रायव्हर, एक जमैकाहून तरुणपणी आलेले. त्यांच्या खेळाला फाइव्ह्ज अँड थ्रीज म्हणतात. सोंगटी लावल्यावर साखळीच्या दोन्ही टोकांच्या ठिपक्यांची बेरीज करायची. ती पाचाने किंवा तिनाने भागली गेली तर भागाकार जेवढा येतो तेवढे गुण. सोंगटी लागत नसेल तर बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करायचं, म्हणजे पुढच्याची पाळी. सासूबाई चहाचा कप हातात धरून काही दिवस नुसत्या बघत होत्या. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, बोलायला जीभ वळत नसे. एका संध्याकाळी बसड्रायव्हर आजोबांनी एका टोकाला डबल सहा लावला, म्हणजे बारा ठिपके. दुसऱ्या टोकाला तीन होते. "पाच," असं म्हणून ते गुणांच्या फळीवरची खुंटी सरकवायला लागले. सासूबाई मागून एकदम म्हणाल्या, "आठ!"

सगळे वळून बघायला लागले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "त्यांना सांग, आठ होतात. पंधरा ना? तिनाने पाच झाले, पाचाने तीन राहिले की. पाच नि तीन आठ." मी सांगितलं. आजोबांनी टोकं पुन्हा मोजली, सासूबाईंकडे बघून टोपी किंचित उचलली आणि खुंटी आठव्या भोकात रोवली. त्यानंतर त्या टेबलाशी पाचवी खुर्ची कायमची लागली. पावकी-निमकी पाठ असलेल्या बाईंना ते गुण म्हणजे पोरखेळ. सोंगट्यांना त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. त्या हिशेब ठेवायच्या. परत जायच्या आधी त्यांनी चौघांना एकेक वेलदोड्याची पुडी दिली. पुढच्या हिवाळ्यात जमैकाच्या आजोबांनी मला थांबवून विचारलं, "तुझी आई कधी येणार आहे? आमचे गुण चुकतायत." आई म्हणजे सासूबाई हे मी त्यांना कधी समजावलं नाही. गरजही नव्हती.

पबाबद्दल मराठी माणसांना काही सांगायला लागले की बोलणं लगेच दारूवर जातं. म्हणून बिअरबद्दलही सांगते, कारण मला वाटतं पबातलं गिऱ्हाईक म्हणजे काय हे तिथेच समजतं. एकदा सकाळी मालकिणीने मला तळघर दाखवलं. आत गारवा, ११ ते १३ अंशांच्या मध्ये. लाकडी घोडीवर पिंपं आडवी ठेवलेली. एकेक पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पिंटचं. पिंट म्हणजे अर्ध्या लिटरहून जरा मोठा पेला. ब्रुअरीतून निघते तेव्हा ही बिअर अर्धीच तयार असते. यीस्ट आत जिवंत असतं आणि उरलेलं आंबणं पबाच्या तळघरात होतं. पिंपाच्या पोटावरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकली की सच्छिद्र लाकडातून वायू हळूहळू बाहेर पडतो. तिने मला कान लावायला सांगितलं. बारीक सुस्कारा ऐकू येत होता. फसफसणं शांत झालं की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. मग पिंपाला हात लावायचा नाही, गाळ खाली बसू द्यायचा. गाळ लवकर बसावा म्हणून माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला एक पदार्थ पूर्वापार घालतात. अलीकडे काही ब्रुअऱ्या तो वगळतात, पण कट्टर शाकाहारी पाहुणा आला की मी हे आधी सांगते.

वर काउंटरवरचा लांब दांडा ओढला की ही बिअर नळीतून वर येते. आणि एकदा पिंप फोडलं की आत हवा जाते, तीनेक दिवसांत चव उतरायला लागते. "म्हणजे तीन दिवसांत ७२ पिंट गेले पाहिजेत," मालकीण म्हणाली, "नाहीतर चौथ्या दिवशी मी मोरीत ओतते आणि रडते." बुधवारी पावसात ओलेचिंब होऊन येणारे ते आठ-दहा जण नसतील तर ही बिअर टिकूच शकत नाही. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांना हे परवडेना. त्यांनी बिअर गाळून, यीस्ट मारून, वायू भरून धातूच्या बंद पिंपांत विकायला सुरुवात केली. टिकायला उत्तम, सांभाळायला सोपी, चव सगळीकडे एकच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या मागच्या अंगणात बिअर करणारे पब अख्ख्या देशात चारच उरले होते. त्यातला एक नेदर्टनचा 'ओल्ड स्वॉन'. त्याच्या छताच्या चकचकीत पत्र्यावर मोठा हंस रंगवलेला आहे, तो मान वर करून बघण्यासारखा आहे. १९७१ मध्ये चार तरुणांनी जिवंत बिअर वाचवायची चळवळ सुरू केली. कॅमरा हे तिचं नाव. ग्राहकांनी चालवलेल्या चळवळींमध्ये तिचं नाव मोठं आहे. मला तिचं मोल वाटतं ते अशासाठी, की पेल्यात काय यावं हे ठरवायचा हक्क पिणाऱ्यांनी कंपन्यांकडून मागून घेतला.

पण त्या टेबलाशी बसायचा हक्क सगळ्यांना नव्हता, आणि हे लिहिल्याशिवाय मला पबाचं कौतुक करवत नाही.

आमच्या पबात शिरताना डाव्या हाताला एक एवढीशी खोली आहे. चार माणसं दाटीने बसतील एवढी. तिच्या काचा दुधी, नक्षीदार. काउंटरकडे उघडणारी एक छोटी खिडकी. हिला स्नग म्हणतात. बाहेरच्या बारमध्ये पुरुष असायचे. बायकांनी कुणाच्या नजरेला न पडता तिथे बसावं आणि खिडकीतून ग्लास घ्यावा, म्हणून अशा खोल्या असत. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो' या वाइन बारमध्ये तर बायकांनी काउंटरशी उभं राहायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं, असा नियम १९८२ पर्यंत चालू होता. टेस गिल या वकील बाई आणि ॲना कूट या पत्रकार बाई कोर्टात गेल्या. अपील कोर्टाने नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी इथे आले त्याच्या सतराएक वर्षंच आधी. आमच्या मालकिणीची आई आयुष्यभर त्या स्नगमध्ये बसली आणि मुलीने पब चालवायला घेतल्यावरही ती बारमध्ये आली नाही, असं तिनेच मला सांगितलं.

आणि आपली माणसं? इथून काही मैलांवर स्मेदिक आहे. पन्नास-साठच्या दशकात पंजाबमधून आलेले शेकडो तरुण तिथल्या फाउंड्र्यांमध्ये कामाला लागले. पाळी संपली की गोरे कामगार पबात जात, हेही जात. काही पबांत त्यांना सरळ नकार मिळे. काही ठिकाणी बारमध्ये वाढत, पण स्मोक रूममध्ये, जिथे गाद्यांच्या खुर्च्या असत, तिथे बसू देत नसत. अवतारसिंग जौहल हे फाउंड्रीतले कामगार आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पुढारी. त्यांनी या रंगभेदाविरुद्ध पबातूनच लढा दिला. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जायचं, त्यांना वाढलं आणि आपल्याला नाही वाढलं की ते नोंदवायचं, आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हरकत घ्यायची. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले. जौहल त्यांना 'ब्लू गेट्स' नावाच्या पबात घेऊन गेले. स्मोक रूममध्ये त्यांना वाढायला नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला आणि सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव करणं बेकायदा ठरलं.

जमैकाच्या आजोबांनी हे सगळं भोगलेलं होतं. माझ्याशी ते त्याबद्दल एकदाच बोलले, तेही सोंगट्या मांडता मांडता. म्हणाले, साठच्या दशकात याच पबाच्या दारावरून ते दोनदा परत फिरले होते. मी विचारलं, मग पुन्हा आलात कसे? ते म्हणाले, "तो मालक गेला. हा," असं म्हणून त्यांनी बसड्रायव्हर आजोबांकडे बोट केलं, "हा माझ्याबरोबर डेपोत होता. त्याने मला हाताला धरून आणलं आणि इथे बसवलं." बसड्रायव्हर आजोबा मान खाली घालून सोंगट्या बघत राहिले. मला त्या क्षणी फार आदर वाटला, दोघांबद्दलही. एकाने दार उघडून धरलं आणि दुसऱ्याने अपमान गिळून पुन्हा त्याच दारातून आत यायचं धैर्य दाखवलं. दुसरं अधिक कठीण.

आज स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिचमध्ये कितीतरी पब पंजाबी आणि इतर भारतीय कुटुंबं चालवतात. देसी पब म्हणतात त्यांना. बंद पडायला आलेले पब या कुटुंबांनी घेतले, जुनं काउंटर, जुने डार्टबोर्ड तसेच ठेवले आणि मागे तंदूर लावला. शनिवारी वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या फुटबॉल क्लबची मॅच असली की निळे-पांढरे स्कार्फ घातलेले गोरे आजोबा-नातू तापलेल्या लोखंडी ताटलीतलं मिक्स्ड ग्रिल चुरचुरत असताना त्यावर लिंबू पिळताना दिसतात. ज्यांना गादीच्या खुर्चीवर बसू दिलं नाही त्यांच्या मुलांनी त्या खुर्च्यांना नवी गादी लावली आणि सगळ्यांना बसवलं. ब्लॅक कंट्रीतलं मला सगळ्यात जास्त आवडणारं काही असेल तर ते हेच.

आता बंद पडण्याबद्दल. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २००८ मध्ये देशात सुमारे ५०,००० पब होते, २०१८ मध्ये ३९,००० उरले. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त झाली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये आत सिगारेट ओढायला बंदी आली, जी माझ्या मते योग्यच होती. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांची मक्तेदारी मोडायला त्यांच्या ताब्यातल्या पबांवर मर्यादा घातली. ते पब मग नव्या मालमत्ता कंपन्यांच्या हातात गेले. यातल्या बहुतेक कंपन्या स्वतः बिअर करत नाहीत. भाडं घेतात, आणि बिअर आपल्याकडूनच घ्यायची अशी अट घालतात. त्यात भर म्हणजे कोपऱ्यावरची जागा. तिथे पब चालवण्यापेक्षा फ्लॅट बांधून विकण्यात जास्त पैसा असतो. २० मार्च २०२० च्या शुक्रवारी संध्याकाळी पंतप्रधानांनी टीव्हीवरून सांगितलं, आज रात्रीपासून पब बंद. महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातही असं झालं नव्हतं. पुन्हा दारं उघडली ती ४ जुलैला, आणि काही उघडलीच नाहीत.

तरीही दोन गोष्टी माझ्या मनाला धरून आहेत. लंडनमध्ये किलबर्नजवळ 'कार्लटन टॅव्हर्न' नावाचा पब होता. पहिल्या महायुद्धात बॉम्बने पडलेल्या पबाच्या जागी तो १९२०-२१ मध्ये बांधला. एप्रिल २०१५ मध्ये नव्या मालकांनी परवानगी न घेता तो पाडला. त्याला वारसा इमारतीचा दर्जा मिळण्याच्या बेतात होता, त्यामुळे त्याच्या बारकाव्यांची नोंद नुकतीच झालेली होती. आसपासचे लोक गप्प बसले नाहीत. महापालिकेने हुकूम काढला, होता तसा विटेविटेने परत बांधा. मालकांनी अपील केलं, ते हरले. एप्रिल २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला, तीच पाटी, त्याच फरशा.

दुसरी गोष्ट आमच्या दारातली. हिमलीजवळचा 'क्रुकेड हाउस'. १७६५ चं शेतघर. खालून कोळसा काढल्यामुळे एक बाजू खचली आणि घर तिरकं झालं. आत गोटी ठेवली की चढावर गडगडत जातेय असं वाटायचं. साताऱ्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेलं आहे. भाचा तर पुन्हा पुन्हा गोटी सोडत राहिला आणि शेवटी जमिनीवर पालथा पडून नजर लावून बघत होता. जुलै २०२३ मध्ये तो विकला गेला, ५ ऑगस्टला आग लागली, ७ ऑगस्टला उरलेल्या भिंती पाडल्या. आम्ही गेलो तेव्हा विटांचा ढिगारा होता आणि त्याच्या कडेला माणसं नुसती उभी होती. म्हाताऱ्या बायका उघड रडत होत्या. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक कौन्सिलने तो पूर्वीसारखा परत बांधायचा हुकूम काढला. घर तिरकं होतं तसं तिरकंच बांधायचं.

आता पाळी आमच्या पबावर आली आहे. मालकीण सत्तरीला आली, जिना चढवत नाही. ज्या कंपनीची इमारत आहे तिने भाडं वाढवलं आणि मग विक्रीचा विचार असल्याचं कळवलं. २०११ च्या कायद्याने एक वाट ठेवली आहे. वस्तीतल्या किमान २१ मतदारांनी अर्ज करून पब 'सामुदायिक मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवून घ्यायचा. मग मालकाने विकायला काढला आणि वस्तीने वेळेत इच्छा कळवली, तर सहा महिने तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. तेवढ्यात पैसे जमवायचे. विकत मिळेलच अशी हमी कायदा देत नाही, फक्त वेळ देतो. लंडनमधल्या नन्हेडचा 'आयव्ही हाउस' अशी नोंद झालेला देशातला पहिला पब, आणि तो लोकांनी विकत घेतलाही. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटचा 'ओल्ड क्राउन' तर त्याही आधी, २००३ पासून गावाच्या सहकारी मालकीचा आहे. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला सभासद, भागभांडवल, सर्वसाधारण सभा हे शब्द नवे नव्हते. आमचा पब विकत घ्यायला वस्तीने केलेल्या संस्थेच्या समितीत माझं नाव त्यामुळेच आलं असावं.

अर्जावर सही करताना मी जरा थबकले होते. माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. पण कॉमनवेल्थ देशाची नागरिक म्हणून मी इथली मतदार आहे, तेव्हा सही चालते. यादीत माझं नाव जमैकाच्या आजोबांच्या मुलीच्या खाली आहे. आजोबा आता नाहीत. तिने वडिलांचा डॉमिनोचा संच पबालाच देऊन टाकला, डबल सहा झिजून गुळगुळीत झालेला आहे.

सध्या वाद आहे तो संस्थेच्या एका भागाची, म्हणजे शेअरची, किमान किंमत किती ठेवायची यावर. काहींचं म्हणणं २०० पौंड, म्हणजे रक्कम लवकर जमेल. माझं म्हणणं २५. आमच्या संस्थेच्या घटनेत एक सभासद, एक मत आहे. भाग एक घ्या की शंभर, मत एकच. मग पेन्शनवर जगणाऱ्या, रोज अर्धा पिंट घेऊन दोन तास बसणाऱ्या माणसाला २०० पौंडांपायी बाहेर का ठेवायचं? पैसे कमी पडले तर छताचं काम पुढच्या वर्षावर ढकलू, दोन बादल्या ठेवून भागतंय. तळघरातलं थंडाईचं यंत्र मात्र या उन्हाळ्याआधी बदललंच पाहिजे, नाहीतर पिंप तीन दिवसही धरणार नाही. बैठक मंगळवारी सात वाजता, स्नगमध्ये मावणार नाही म्हणून मोठ्या बारमध्ये.